आत्यांचा फोन आणि माझी नव्या वर्षाची योजना

माझ्या धंद्याची पुढच्या वर्षाची योजना अडीचशे गिऱ्हाइकांनी माझ्या नवऱ्याच्या आधी वाचली.

धंदा म्हणजे कांदा-लसूण मसाला. साताऱ्यातल्या आमच्या घरात तो तयार होतो आणि इंटरनेटवरून विकला जातो. मसाला माझ्या सासूबाई, म्हणजे आत्या, करतात. जाहिरात, पॅकिंग, पत्ते आणि मालकीण असल्याचा रुबाब माझ्याकडे. गिऱ्हाइकांचा फोन मात्र आत्यांकडे. सुरुवातीला तो घ्यायला मला सवड नव्हती, आणि नंतर त्यांच्याकडून काढून घ्यायचं धाडस नव्हतं.

डिसेंबर संपता संपता मी उद्योजकांचं एक ऑनलाइन शिबिर केलं. तिथले सर म्हणाले, "सरत्या वर्षाकडे प्रामाणिकपणे बघा. धंद्यातली सगळ्यात मोठी अडचण लिहून काढा. भीड बाळगू नका."

मी भीड सोडली. लिहिलं, 'सगळ्यात मोठी अडचण: आत्या. एकेका फोनवर पाऊण पाऊण तास बोलतात. गिऱ्हाइकाचं माहेर, गुडघे, मुलीचं स्थळ, सगळं विचारतात. नव्या वर्षात फोन काढून घेणे. त्यांना कसं सांगायचं ते प्रकाश बघेल.'

(प्रकाश म्हणजे माझा नवरा. अवघड कामं मी त्याला न विचारता त्याच्यावर सोपवते.)

योजना प्रकाशला पाठवली आणि मोरीवर कपडे भिजवायला गेले. परत येऊन बघते तर ती गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर गेलेली! पुसायला म्हणून घाईघाईनं बटण दाबलं, तेही भलतंच. मजकूर पुसला गेला, पण फक्त माझ्या फोनवरून. बाकी अडीचशे जणांकडे तो सुखरूप होता.

तेवढ्यात कारखान्यातून प्रकाशचा फोन आला.

"मी काय बघायचंय गं? आमचे सुपरवायझर विचारतायत." (सुपरवायझरसाहेबांच्या घरी आमचाच मसाला जातो.)

त्याला उत्तर न देताच मी स्वयंपाकघरात धावले. उशीर झाला होता. आत्यांच्या कानाला फोन होता.

"व्हय, मीच आत्या. सुनंनं लिवलंय? काय लिवलंय? वाचा की मग, माजा चष्मा न्हाई जवळ."

पलीकडे कऱ्हाडच्या एक बाई होत्या. त्यांनी सगळं वाचून दाखवलं, अगदी सावकाश, एकही शब्द न गाळता. मी ओट्याला टेकून उभी. मसाल्याचं प्रमाण कुठंही लिहिलेलं नाही, ते आत्यांच्या हातात आहे, हे मला नंतर आठवलं. आधी आठवल्या त्या भाकरी. नवी नवरी असताना मी थापलेल्या वाकड्या भाकरी पाहुण्यांच्या ताटात गेल्या, तेव्हा आत्या म्हणाल्या होत्या, "आज मीच केल्यात. हात दुकतोय जरा." आणि अशा बाईला मी अडचण म्हणून जाहीर केलं होतं.

आत्यांनी फोन ठेवला.

"मी अडचण हाय व्हय?"

"आत्या, ते तसं नव्हतं..."

"फोन काढून घेनार हायस?"

"नाही, नाही. अजिबात नाही."

"न्हाई कसं? लिवलंयस न्हवं? आता माघार घेऊ नगंस." त्यांनी फोन माझ्या हातात कोंबला. "दोन वर्सं झाली, कान तापून जातोय माजा. सांगावं तर तुला वाटायचं, म्हातारी कामाला कटाळली. म्हनून गप ऱ्हायले."

मी तिथंच फरशीवर बसले आणि हसायला लागले. आत्याही पदर तोंडाला लावून हसल्या.

दुसऱ्याच दिवशी त्या सांगलीला बहिणीकडं निघाल्या. मी स्टँडवर सोडायला गेले. खिडकीची जागा धरून बसल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं.

"एक सांगते, राग मानू नगंस. मी काय उगंच पाऊन तास बोलत न्हवते. तू मिरजंचं पार्सल फलटनला धाडतीस. किलो मागितला तर पावशेर घालतीस. मानसं लय चिडून फोन करत्यात. गुडघं इचारलं, लेकीचं इचारलं, की राग उतरतोय. मग पार्सलचं हळूच मिटवायचं."

"मला कधी बोलला नाहीत?"

"कशाला तुजं मन मोडायचं? मालकीन हायस तू."

बस गेली. खरं तर मला तोंड लपवायला जागा शोधायला हवी होती, पण आत्या हसत गेल्या याचंच इतकं हायसं वाटत होतं की मी स्टँडवर उभ्या उभ्या उसाचा रस प्यायले. ग्लास खाली ठेवते तोच हातातला फोन वाजला.

"आत्या आहेत का? अहो, आठ दिवस झाले, पार्सलचा पत्ता नाही." बाई चांगल्याच तापल्या होत्या.

मी घसा साफ केला आणि आवाजात होती तेवढी माया ओतून विचारलं, "ते बघू हो ताई. आज भाजी कसली केलीत?"

"कशाची करू?" त्या म्हणाल्या. "मसाला कुणाच्या घरी पोचवलाय ते सांगा, तिकडंच जेवायला जाते."