पंधरा घागरी

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या बहिणींना नाही. देवापुढे बसलो तरी या गोष्टीला वळसा घालूनच पुढे गेलो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं ते जात नाही.

गेल्या महिन्यात मोठीमाय गेली. माझ्या थोरल्या चुलत्याची ती बायको. आई वारली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. मला आणि माझ्या दोन बहिणींना तिनंच वाढवलं. तिचं स्वतःचं एकही मूल जगलं नाही. चुलतेही लवकर गेले. अठ्ठ्याहत्तर वर्षं जगली. पंथ महानुभावांचा, पाणी दोनदा गाळल्याशिवाय प्यायची नाही, खोटं बोलायची नाही, आणि वर्षातून एकदा रिद्धपूरला पायी जायची. आमच्या आणि आजूबाजूच्या चार गावांत तिनं दोनशे अकरा बाळंतपणं केली. हा आकडा माझा आहे. मोजण्याची मला लहानपणापासून खोड. पटकीच्या साथीत, सख्खे लोक दार लावून बसले तेव्हा, ती घरोघर पेज घेऊन फिरली — तीही घरं मी मोजली होती.

दिवसकार्याला लोकांनी मला बोलायला उभं केलं. मी हे सगळं सांगितलं. लोक रडले. पाणपोईबद्दल मी एक शब्द काढला नाही. का काढला नाही?

आमचं गाव अमरावती-अकोला रस्त्यावर, मूर्तिजापूरच्या अलीकडे. अमेरिकेत लढाई पेटली आणि आमच्या काळ्या मातीतला कापूस सोन्यासारखा झाला, तेव्हाची, पंचवीस वर्षांपूर्वीची ही गोष्ट. आगगाडी अजून यायची होती. होळीपासून मृगापर्यंत रस्त्यावर गाड्यांची रांग तुटत नसे. बैलांच्या तोंडाला फेस, माणसांच्या ओठांना भेगा. मोठीमायनं वेशीबाहेर चिंचेखाली माठ मांडले. गावच्या विहिरीचं पाणी. दोन बाया ओढायला, आणि घागरी मोजायला मी. मी तेव्हा एकवीस वर्षांचा होतो. दिवसाला चाळीस घागरी जायच्या. माणसं आणि बैल धरून लागायच्या पंचवीस.

उरलेल्या पंधरा कुठे जात होत्या?

ते मला माहीत होतं. गावकुसाबाहेरच्या वस्तीची झिरी फाल्गुनातच आटायची, आणि गावच्या विहिरीवर त्या लोकांना येऊ देत नसत. भर दुपारी, गाव जेवून आडवं झालं की वस्तीतल्या बाया चिंचेमागे येत. मोठीमाय त्यांच्या मडक्यांत वरून पाणी ओतायची. मी एकदा बाभळीआडून पाहिलं होतं. ओतताना ती त्यांच्याशी बोलत होती, हसत होती. गावाला कळलं असतं तर तिला विहिरीवरून हाकललं असतं, आणि त्या बायांची हाडं मोडली असती. तिनं मला कधी सांगितलं नाही. मीही पाहिलं असं बोललो नाही.

इथवर मी चांगलाच आहे, नाही का? इथेच थांबावं असं फार वाटतं.

त्या वर्षी आमच्या घरच्या दोन गाड्या मी अकोल्याला नेल्या. कापूस भिजवला की वजन वाढतं. तेव्हा ही लबाडी पुष्कळ जण करत. मीही केली — तिच्याच माठातलं पाणी घेऊन, आमच्याच बोज्यांवर. मला नड नव्हती. अडत्यानं बोज्यात कोपरापर्यंत हात घातला, आतला कापूस ओढून नाकाशी धरला. आंबूस वास आला. सगळ्यांदेखत त्यानं मला विचारलं, हे काय? आणि मी म्हणालो, की आमच्या वाटेवर एक पाणपोई आहे, तिथे गाडीवाले कापूस भिजवून घेतात. कोणी आमच्याही बोज्यांवर शिंपडलं असेल.

एवढंच वाक्य. जीभ अडखळलीसुद्धा नाही.

आठ दिवसांत व्यापाऱ्यांचा निरोप आला. ती पाणपोई राहील तर या गावाचा कापूस घेणार नाही. पाटलांनी पाराजवळ माणसं बसवली. मोठीमायला बोलावलं. ती पदर सावरून उभी राहिली.

“काहून वं मोठीमाय,” एकानं मागून आवाज दिला, “तुही पाणपोई हाय का कापसाची न्हाणी?” लोक हसले.

“कापसाले लागते ऊन,” ती म्हणाली. “पाणी तं तुह्यासारख्या कोरड्या तोंडाले लागते, बाप्पा.” पुन्हा हसले, या खेपेला तिच्या बाजूनं. तेव्हा गोष्ट मिटली असती. पण पाटील माझ्याकडे वळले.

“हा पोट्टा आकड्यात चुकत नाही. सांग रे, दिसाकाठी किती घागरी जाते?”

“चाळीस.”

“अन् लागते किती?”

“पंचवीस.”

दोन्ही आकडे खरे होते. मी एकही खोटा आकडा बोललो नाही, हे मी पुढे पंचवीस वर्षं स्वतःला सांगत आलो. पाटलांनी तिला विचारलं, पंधरा घागरी कुठे गेल्या? ती माझ्याकडे बघत होती. तिला एक शब्द बोलायची सोय नव्हती — बोलली असती तर त्या बाया मेल्या असत्या. मला होती. ‘बोजे मी भिजवले’ एवढे तीन शब्द. पंधरांचं नावही घ्यावं लागलं नसतं.

“मले सांगाचं नाही,” ती म्हणाली.

लोकांनी तो गुन्ह्याचा कबुलीजबाब मानला. त्याच दुपारी माठ फोडले. खापरं मी मोजली नाहीत.

तिसऱ्या दिवशी ती चुलीपुढे भाकरी थापत होती. मी जेवायला बसलो. ताटाकडे बघतच तिनं विचारलं, “तुले मालूम व्हतं न रे, ते पाणी कुठं जाते ते?”

मी म्हणालो, “नाही, मोठीमाय.”

“मंग ठीक हाय,” ती म्हणाली. “मले वाटलं, तुले मालूम असन.” आणि माझ्या ताटात दुसरी भाकरी टाकली.

तिनं विश्वास ठेवला का? की मला त्या उत्तरात राहू दिलं? बोजे कोणी भिजवले हे तिनं कधीच विचारलं नाही. तिनं माझं लग्न लावलं, माझ्या चारही पोरांची नाळ कापली. मी दर वेळी तिच्या तोंडाकडे पाहायचो — कळतंय का, काही दिसतंय का. काही दिसलं नाही. पुढच्या पंचवीस वर्षांत तिनं पाण्याचा एक माठही कुठे मांडला नाही. काही बाया तिच्यामागे तिला ‘भिजवणारी’ म्हणत. तिला ते ऐकू यायचं.

त्या वैशाखात वस्तीतल्या बाया दीड कोस लांब नदीच्या पात्रात जाऊन झिरे उकरत होत्या. एक ओली बाळंतीण, मूल होऊन नऊ दिवस झालेले, भरलं मडकं घेऊन येताना वाटेत पडली. उठली नाही. तिचं बाळंतपण मोठीमायनंच केलं होतं. तिचं नाव मला ठाऊक आहे. दोनशे अकरांत ती मोडते.

आजही शेजारची सून विहिरीत घागर सोडते तेव्हा मी मोजू लागतो. पंचविसावी घागर आली की थांबतो. मी उठून घरात जातो.

गेल्या महिन्यात मोठीमायला नेलं तेव्हा वस्तीतली माणसं आली होती. लांब उभी होती. सगळे पांगल्यावर त्यांतला एक म्हातारा पुढे आला. हात जोडून म्हणाला, “मालक, येक इचारू का? त्या साली बाईनं आमचं पाणी एकदम काहून बंद केलं? आमचं काई चुकलं व्हतं का?”

ज्या प्रश्नाचं उत्तर देणारा जगात मी एकटाच उरलो होतो, तो प्रश्न पंचवीस वर्षांनी असा समोर उभा होता. आता मला कोणाची भीती होती? अडत्या मेला, पाटील मेले, ती गेली.

मी म्हणालो, “नाही बाबा, तुमचं काही चुकलं नव्हतं. त्या साली दुष्काळ होता. विहीर आटली होती.”

त्यानं मान डोलावली आणि गेला.

दुष्काळ नव्हता. त्या वैशाखात गावच्या विहिरीला अकरा हात पाणी होतं. मी दोर सोडून मोजलं होतं.