सुमनची हाक

"काका, खिडकी लावा, मिरच्या भाजतेय!" खालच्या मजल्यावरच्या सुमनची ही हाक आली की मी मुकाट्याने उठतो. फुप्फुसं अधू झाल्यापासून उदबत्तीचा धूर, झाडलोटीची धूळ माझा मी टाळतो. पण दुसऱ्याच्या तव्याला कसं सांगणार? एकदा त्या ठसक्यानं मला थेट दवाखाना दाखवला. तेव्हापासून ठेचा करायच्या आधी सुमनची हाक कधी चुकलेली नाही.

आज ती लेकीच्या गावी गेलीय, म्हणून मी खिडकी उघडून निवांत बसलो होतो. तेवढ्यात तिचाच फोन आला. "काका, सुनेला सांगायचं राहिलं बघा. ती आता मिरच्या भाजेल, आधी खिडकी लावा."

मी खिडकी लावली आणि त्या बंद काचेशी उभं राहून पोटभर श्वास घेतला.