डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला

सर्व संबंधितांनी कृपया उभं राहावं, कारण मी एक अत्यंत गंभीर बाब जाहीर करते आहे: सत्तरच्या दशकाच्या अखेरीस माझं डोकं ठिकाणावर असल्याचं सरकारी शिक्क्यानिशी सिद्ध झालं होतं. आहे तुमच्यापैकी कोणाकडे असा पुरावा?

झालं असं, की मोठ्या शहरातल्या एका संस्थेत मानसोपचाराचं शिक्षण मिळे. मानसशास्त्रात एम.ए. पाहिजे, ते मी केलं होतं. शिवाय एक दाखला हवा: उमेदवार मनानं सुदृढ आहे, खाली राजपत्रित अधिकाऱ्याची सही, आणि त्या अधिकाऱ्याची उमेदवाराशी तीन वर्षांची ओळख. दुःखी माणसाजवळ बसायला रबरी शिक्का लागतो, ही कल्पना ज्या डोक्यातून निघाली त्याचा दाखला मात्र कोणी मागितला नव्हता. पण मला जायचंच होतं. घरी ठरलं होतं, यंदा प्रवेश नाही मिळाला तर लग्न.

आमच्या सिहोरा गावात राजपत्रित शिक्कावाला, ओळखीचा असा एकच माणूस: गुरांचा डॉक्टर. बाबा आणि मी गेलो तेव्हा खोड्यात, म्हणजे गुरं तपासायच्या लाकडी चौकटीत, एक बैल अडकवलेला होता.

"साहेब, पोरीचं डोस्कं बरोबर हाय, येवढं लिहून द्या," बाबा म्हणाले.

"पाहिल्याबिगर कसा लिहू? बैलाचंबी मी पाहिल्याबिगर लिहीत नाही."

"मंग हिचेबी दात पाहा ना साहेब!" बैलाचा मालक म्हणाला. सगळा दवाखाना हसला. मीसुद्धा.

डॉक्टरांनी हात धुतले, मला स्टुलावर बसवलं. "झोप लागते काय वं?"

"लागते."

"राग आला का जेवण सोडतेस?"

"नाही, दुप्पट जेवते."

"मंग दुसऱ्यायचं रडणं कायले पाहिजे तुले?"

हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं. दिघोरीच्या मावशीचा मुलगा तलावात बुडाला आणि तिनं बोलणं टाकलं. घरच्यांनी धूप-अंगारे केले, आरडाओरडा केला, पण तिच्याशेजारी कोणी बसलं नाही. डॉक्टर ऐकत राहिले. बैल हंबरला, तरी त्यांनी मान वळवली नाही. मग सही केली.

मुलाखतीला समोर तिघे होते. अध्यक्षांनी आपली परदेशवारी सांगितली, विमानातल्या जेवणासकट. दुसऱ्यांनी आपला मधुमेह सांगितला. तिसरे, वयानं सर्वांत लहान, चष्मा पुसत होते. अर्ध्या तासात मी फक्त "नमस्कार" म्हणाले होते. लोकांचं ऐकून घ्यायला शिकवणारी ही माणसं! आमच्या गावचा लाउडस्पीकरसुद्धा लाइट गेली की गप्प बसतो.

शेवटी अध्यक्षांनी दाखला उचलला, शिक्का वाचला आणि खदाखदा हसले. "पशुवैद्यकीय! कमाल आहे!" हसता हसताच त्यांनी लाल शाईनं माझ्या अर्जावर 'अपात्र' लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या. झालं, संपलं. मी उठले.

तेवढ्यात त्या तिसऱ्यांच्या तोंडून निघून गेलं, "पण सर, हिला आपण अजून काही विचारलंच नाही!" अध्यक्षांनी 'अपात्र' खोडलं, आणि मी पुन्हा बसले.