वैशाखातला स्वेटर

माणसाच्या दुःखाचं मूळ शोधण्यात माझी तीस वर्षं गेली. वैद्यक, मनोविकारशास्त्र आणि समाजशास्त्र अशा तीन वाटांनी मी त्या मुळापाशी जायचा प्रयत्न केला. गळ्यात हार असताना हे वाक्य चांगलं वाटतं, आणि मी ते दोन सत्कारांत वाचूनही दाखवलं आहे. वस्तुस्थिती अशी की पहिली वाट वडिलांनी ठरवली आणि दुसरी प्रवेशाच्या वेळी शिल्लक राहिलेल्या जागांच्या यादीने. तिसऱ्या वाटेला मी पन्नाशीनंतर लागलो. जळगावला आमच्या संस्थेत तिन्ही विषय एकत्र आणणारं एक केंद्र निघायचं होतं आणि त्याच्या प्रमुखाला समाजशास्त्रातली डॉक्टरेट हवी, असं कोणीतरी नियमात घालून ठेवलं होतं.

तोवर मी कोणाचाच नव्हतो. डॉक्टरमंडळी मला मनवाला समजत, मानसोपचारवाले सर्व्हेवाला. समाजशास्त्राचे प्राध्यापक माझ्याकडून फक्त रक्तदाब मोजून घेत. केंद्र मिळालं असतं तर निदान दारावर पाटी तरी लागली असती. पण प्रबंधाची मुदत दोनदा वाढवून झाली होती आणि तिसऱ्यांदा मिळणार नव्हती. त्या वर्षी प्रबंध मान्य झाला नसता, तर मला निवृत्तीपर्यंत रक्तदाबच मोजावा लागला असता.

विषय होता खेड्यातलं अबोल नैराश्य. गाव निवडलं सोनगीरच्या बाजूचं, कारण धुळ्याच्या घरून जाऊन दुपारच्या जेवणाला परत येता येत होतं. प्रबंधात याची कारणं वेगळी दिली आहेत. मदतीला धुळ्यातल्याच देवपूरच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. सगळे त्यांना बाई म्हणत, मीही. छत्तीस वर्षं शुद्धलेखन घातल्यामुळे ऐकू आलेलं जसंच्या तसं उतरवण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. स्वतःचं मत मिसळणं त्यांना कॉपी करण्याइतकंच गैर वाटे.

मी त्यांना एक नियम घालून दिला होता. गावात प्रश्न एकाला विचारला की उत्तर घरातले चौघं देतात, वाद घालतात, मग कशावर तरी येऊन थांबतात. म्हणून प्रश्नावलीच्या अर्जावर नाव एकाचंच घालायचं, पण उत्तर मात्र शेवटी ऐकू येईल तेच धरायचं. ते घराचं उत्तर. या नियमावर मी प्रबंधात चार पानं लिहिली होती आणि माझ्या मार्गदर्शकांना त्या प्रबंधातली तेवढीच चार पानं आवडली होती.

पंचाईत पहिल्याच दिवशी कळली. प्रश्नावलीत वीस प्रश्न होते. झोप लागते का, भूक लागते का, कामात मन रमतं का, उदास वाटतं का. पण आमच्याकडे दारात आलेला माणूस बरं आहे ना, असं विचारतो आणि घरातला माणूस बरं आहे म्हणतो. त्यानंतर पाणी येतं, चहा येतो. पाहुण्यापुढे घरातलं रडगाणं कोणी गात नाही. माझे वीसही प्रश्न गावाने ख्यालीखुशालीतच जमा केले आणि वीस वेळा नम्रपणे उत्तर दिलं, ‘बठ्ठं बरं शे.’ आठवड्यात सारं गाव संपत आलं, पण एकही उदास माणूस सापडला नाही. मार्गदर्शक फोनवर म्हणाले, गाव इतकं सुखी असेल तर प्रबंध सोडा आणि तिथे प्लॉट घ्या.

शेवटच्या घरी एक अक्का होत्या. ओट्यावर बसून शेंगा फोडत होत्या. त्यांचंही सगळं बरंच होतं. पण त्या जुन्या वळणाच्या. पाहुण्याने विचारपूस केली की आपणही उलट करायची, ही रीत त्यांनी विसाही प्रश्नांना पाळली.

‘मले लागस झोप. मंग तुले लागस का, भाऊ?’

मी म्हणालो, पडल्यापडल्या लागते, पण उठल्यावर झोपल्यासारखं वाटत नाही. भूक? भूक नाही, तरी वजन वाढतंय. काम? कामात मन लागत नाही. एक पान वाचलं की मागचं पान विसरतो. त्या शेंगा फोडत विचारत राहिल्या, मी सांगत राहिलो. खरं सांगायचं तर मला त्या वर्षात एवढं कोणी विचारलंच नव्हतं. बाई बाजूला बसून लिहीत होत्या.

महिनाभराने अर्ज तपासायला बसलो आणि उठून उभा राहिलो. एक अर्ज वेगळा होता. ओळीने बारा-तेरा उत्तरं थेट उपचाराकडे बोट दाखवणारी. वर नाव अक्कांचं. हसऱ्या चेहऱ्याआड बाईमाणूस केवढं लपवतं, या विचाराने मला भरून आलं. त्या एका अर्जावर मी चाळीस पानांचं प्रकरण लिहिलं. त्यात वैधव्य आलं, शेतीतले कष्ट आले, मुलींच्या सासरची अंतरं आली. मार्गदर्शक म्हणाले, प्रबंध तरला.

फक्त एक गोष्ट राहिली होती. इतका आजारी माणूस सापडला तर त्याला उपचार द्यायला हवेत, एवढं पहिल्या शास्त्रातलं मला अजून आठवत होतं. तोंडी परीक्षेच्या चार दिवस आधी मी बाईंसह गोळ्या घेऊन गावात गेलो. अक्कांना त्यांचीच उत्तरं एकेक करून वाचून दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

‘मी कोठे सांगं, भाऊ? ते तर बठ्ठं तूच सांगं व्हतं.’

मी बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, प्रत्येक प्रश्नाला शेवटी तुमचंच उत्तर ऐकू आलं, नियम तुमचा होता. हे म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. मी गोळ्यांची पुडी अक्कांच्या बाजूने माझ्या बाजूला सरकवली. तरीही, काही त्रास असला तर सांगा, असं अक्कांना म्हणालो.

‘मन्हं ऱ्हाऊ दे,’ अक्का म्हणाल्या. ‘पहिले तुन्हं बघ. वैशाखमा स्वेटर कोन घालस?’

बिनबाह्यांचा राखाडी स्वेटर होता. दोन वर्षांपासून मी तो बारा महिने घालत होतो आणि प्राध्यापकाला शोभतो असं समजत होतो.

परतताना गाडीत बाईंनी विचारलं, परीक्षकांना सांगणार का. मी म्हणालो, न सांगितलं तर डॉक्टरेट मिळेल. त्या म्हणाल्या, हो, अक्कांच्या नावावर.

जळगावला तीन परीक्षक होते, प्रत्येक शास्त्राचा एक. मी पहिल्याच प्रश्नाला सगळं सांगून टाकलं आणि कपाळावरचा घाम पुसायला रुमाल काढला. घाम नव्हता. समाजशास्त्राच्या परीक्षक खूश झाल्या. संशोधकच संशोधिला गेला, याहून मोलाचं काय, यावर आणखी वीस पानं लिहा म्हणाल्या. मानसोपचाराच्या सरांनी आवाज खाली आणून विचारलं, उपचार कधीपासून चालू केले. मग या चाळीस पानांत मांडलंय ते नैराश्य स्त्रीचं, मध्यमवयाचं की बढती अडकलेल्या माणसाचं, यावर दोघांची जुंपली. अर्धा तास ते माझ्याबद्दल बोलत होते. मला मध्ये बोलायची संधी मिळाली नाही.

वैद्यकाचे परीक्षक तोवर केळीचे वेफर्स खात होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला, स्वेटर किती दिवसांपासून. मी सांगितलं. त्यांनी परीक्षेच्या कार्यक्रमपत्रिकेच्या मागे काहीतरी लिहिलं, घडी घालून माझ्याकडे दिलं आणि वेफर्सची बशी पुढे ओढली.

डॉक्टरेट मिळाली. ते प्रकरण शीर्षक बदलून तसंच ठेवलं आणि वर वीस पानं जोडली. केंद्रही झालं, पाटीही लागली.

कार्यक्रमपत्रिकेच्या मागे रक्ताची एक तपासणी लिहिली होती. थायरॉईड मंदावलेला निघाला. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी घेतो.