अण्णांचा गुडघा, माझी मोटारसायकल आणि खापा

वाटेत दोन मुक्काम करून तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही नागपुरात शिरलो, तेव्हा मागे बसलेल्या अण्णांनी माझा खांदा थोपटला. वडिलांना मोटारसायकलवर इतक्या लांब नेते म्हटल्यावर जालन्यात दादा माझ्यावर चांगलाच संतापला होता. अण्णांचं वय एकाहत्तर, त्यात गेल्या वर्षी उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन. पण तरुणपणी नागपूरजवळच्या खाप्याच्या पोस्टात त्यांनी तीन वर्षं काढली होती आणि तिथली कन्हान नदी त्यांना पुन्हा एकदा पाहायची होती.

"जायचंच असेल तर निदान लेगगार्ड तरी बसव," दादा म्हणाला होता. इंजिनाच्या दोन्ही बाजूंना बाहेर येणाऱ्या त्या लोखंडी नळ्या मला कधीच आवडल्या नाहीत. गाडी रुंद होते, गर्दीत अडकते. मी बसवलं नाही.

महाल भागातल्या एका लॉजवर उतरलो. सकाळी गल्लीच्या तोंडाशी तर्री पोहे (वर चण्याचा झणझणीत रस्सा घातलेले) घेतले. "सांबार टाकू का?" असं पोहेवाल्यानं विचारलं, तेव्हा पोह्यांवर सांबार कशाला म्हणून मी नको म्हटलं. अण्णा खो खो हसले. इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात.

गाडीची चेन सैल झाली होती. जवळच शेषराव नावाच्या मेकॅनिकचं दुकान होतं. चेन ताणता ताणता त्यांनी एकदा अण्णांकडे पाहिलं, एकदा गाडीकडे.

"ताई, बाबाले घेऊन फिरून राहिल्या अन् गार्ड काहून (का) नाही लावलं?"

"त्याचा खरंच उपयोग होतो?"

"मोठ्या धडकेत नाही होत, खोटं काहून सांगू? पण गाडी जागच्या जागी कलंडली तर पाय दबत नाही. अर्ध्या तासाचं काम आहे."

"माझ्यासाठी नको," अण्णा म्हणाले. "मी काही काचेचा नाही."

"खाप्याहून आल्यावर बघू," मी म्हटलं. अण्णांनीच नको म्हटल्यामुळे मला सोयीचं झालं.

सावनेरच्या रस्त्यानं निघालो. शहर मागे पडलं तशा कपाशी आणि संत्र्यांच्या बागा सुरू झाल्या. खापा जवळ आलं तेव्हा अण्णा मागून बोटानं काही ना काही दाखवू लागले. एका वळणावर ट्रकमधली रेती सांडली होती. मी वेग अगदी कमी केला, पाय टेकवला, तो रेतीत सरकला आणि गाडी उजवीकडे आडवी झाली. मी बाजूला फेकले गेले. अण्णांचा उजवा पाय गाडीखाली होता.

मी गाडी उचलायला गेले, पण एकटीला ती हलेना. "अण्णा, दुखतंय का? बोला ना!" शेजारच्या बागेतून एक बाई आणि तिचा नवरा धावत आले.

"बाबाले ओढू नको वं! आधी गाडी उचला," ती ओरडली.

तिघांनी मिळून गाडी उभी केली. उजवीकडे बांधलेली कपड्यांची बॅग चेपली होती. गाडीचा भार तिच्यावर आला होता आणि खाली वीतभर जागा राहिली होती. अण्णांचा पाय त्या जागेत होता. त्यांनी हळूच गुडघा वाकवला, पुन्हा सरळ केला, मग उठून दोन पावलं टाकली. "आहे जागेवर," ते म्हणाले. मी तिथेच रेतीत बसले आणि हुंदके देऊन रडले. त्या बाईनं मला पाणी पाजलं, अण्णांच्या हातात सोललेलं संत्रं दिलं.

"घाबरू नको. चालून तर राहिले ना बाबा," ती म्हणाली.

खाप्यातल्या डॉक्टरांनी पाय तपासला. पोटरीला खरचटलं होतं, बाकी काही नाही. मग आम्ही कन्हानच्या काठी गेलो. पाणी कमी होतं, पण अण्णा तासभर पाहत बसले. मी मात्र त्यांच्या पायाकडेच पाहत होते.

"दादाला सांगू नकोस," ते म्हणाले.

नागपुरात परतल्यावर मी सरळ शेषरावांकडे गेले. त्यांनी गार्ड बसवलं. मी म्हटलं, "गाडी एकदा आडवी करून दाखवा." त्यांनी ती सावकाश उजवीकडे कलती केली. लोखंडी नळी जमिनीला टेकली आणि गाडी तिथेच थांबली. मी खाली वाकून त्या फटीत हात घातला, मग कोपरापर्यंत घातला. मागच्या सीटखालीही पायापुरती जागा राहत होती.

"आता याच्या भरवशावर जोरात नका चालवू," शेषराव म्हणाले.

तशी चालवलीच नाही. जालन्याला पोचायला एक मुक्काम जास्त लागला. दारातच मी दादाला सगळं सांगितलं. गार्डला अण्णांनी नको म्हटलं होतं, पण खरा हट्ट माझाच होता, हेही सांगितलं. तो चिडेल म्हणून मी वाट पाहत होते. त्यानं खाली बसून अण्णांचा गुडघा चाचपला आणि गाडीवरचं सामान सोडायला घेतलं.

अण्णा आपले आपण पायऱ्या चढून आत गेले. वहिनी बाहेर आली.

"काय आणलं गं नागपूरहून?"

"अण्णांना," मी म्हटलं.