चिझुकोबाईंचं मौनव्रत

ओसाकातल्या तेन्जिनबाशीच्या बाजारपेठेत चिझुकोबाईंचं चड्ड्या-बनियनांचं दुकान आहे. बाई दुकानात आहेत की नाहीत हे कळायला आत डोकवावं लागत नाही, चार दुकानं अलीकडेच आवाज येतो. गिऱ्हाईक आलं की "काय ऊन हो!", गेलं की "सांभाळून जा हो!", मधे भावाची घासाघीस आणि ज्याच्या-त्याच्या हातावर पर्समधली एक गोळी. ओसाकाच्या बायका अशाच असतात, पण चिझुकोबाई जरा जास्तच. वय एकसष्ट. पंचवीस वर्षांपूर्वी त्यांचा नवरा "तुझ्या आवाजानं माझं डोकं उठतं" असं म्हणून घराबाहेर पडला, तो परत आला नाही. बाई त्याची नक्कल करून अख्ख्या बाजाराला हसवतात. पण ते वाक्य त्यांना किती लागलंय, हे फक्त त्यांच्या धाकट्या बहिणीला, तोमिएला ठाऊक आहे.

अशा बाईंना या वयात माणूस आवडला, आणि तोही नेमका कानाझावाचा! तिकडची माणसं मुळातच हळू बोलणारी. त्यात या इवाओसाननी चाळीस वर्षं सोन्याचा वर्ख ठोकलेला. समोर कुणी शिंकलं तर सकाळपासूनची मेहनत हवेत जायची, म्हणून हा माणूस जन्मभर श्वाससुद्धा बेतानं घेत आला. बायको जाऊन सात वर्षं झालेली. गरम झऱ्यांच्या एका सहलीत दोघं बसमध्ये शेजारी-शेजारी आले, बाईंनी सवयीनं गोळी पुढे केली, आणि मग पत्रं, फोन असं सुरू झालं. परवा ते फोनवर म्हणाले, "रविवारी येतो. मला तुमचं ओसाका दाखवा. सहाच्या गाडीनं परत जाईन. त्याआधी एक विचारायचंय."

बाईंची झोप उडाली ती उडालीच. रविवारी तोमिए सकाळी सातलाच येऊन समोर बसली.

"ताई, तो वाघाच्या तोंडाचा सदरा काढ आधी."

"अगं, नवा आहे!"

"म्हणूनच काढ. आणि ऐक, भाव करायचा नाही. वाटेत दिसेल त्याला गोळ्या वाटायच्या नाहीत. हसायचं तर तोंडावर हात धरून."

"म्हणजे मी जाऊच नको, असंच म्हण ना सरळ!"

"जा गं बाई. पण सहा वाजेपर्यंत तोंडाला कुलूप. तो विचारू दे एकदा, मग घाल हवा तेवढा गोंधळ."

तेव्हा चिझुकोबाई राखाडी रंगाचा झगा घालून ओसाका स्टेशनावर उभ्या राहिल्या. इवाओसान टोपी काढून वाकले. बाईही वाकल्या.

"हवा छान आहे," ते म्हणाले.

"हो," बाई म्हणाल्या. एवढंच! जीभ आत वळवळत होती, पण बाईंनी दात आवळून धरले.

आधी त्या त्यांना त्सुतेनकाकूच्या मनोऱ्यावर घेऊन गेल्या. तिथं पाय पसरून बसलेला एक हसरा देव आहे, त्याचे तळवे चोळले की मनातलं पुरं होतं म्हणतात. बाईंनी दोन्ही हातांनी इतके चोळले की मागची रांग कुजबुजायला लागली. वरून सगळं शहर दिसत होतं. "तुमचं दुकान कुठं?" असं इवाओसाननी विचारलं, तेव्हा बाईंनी नुसतं बोट दाखवलं. एरवी त्यांनी कुठल्या छपराखाली कोण राहतं आणि कुणाची सून कुणाशी बोलत नाही, इथपर्यंत सांगितलं असतं.

दुपारी काडीला टोचून तळलेले मांस-भाजीचे तुकडे खायला बसले. भांड्यातला रस सगळ्यांचा मिळून असतो, त्यामुळे काडी एकदाच बुडवायची, हे ओसाकातलं शेंबडं पोरही जाणतं. इवाओसाननी एक घास खाल्ला आणि उरलेली काडी शांतपणे परत भांड्याकडे नेली. बाईंच्या जिभेच्या अगदी टोकाशी "अहो, काय करताय!" आलं होतं. त्यांनी ते बिअरच्या घोटाबरोबर खाली ढकललं, डोळ्यांत पाणी आलं. शेवटी दुकानदारच खेकसला. "एकदाच हो, आजोबा, एकदाच!"

बिचारे इवाओसान उठून सगळ्या दुकानाला वाकून माफी मागत सुटले. मग त्यांनी बाईंकडे पाहिलं, ही आता तरी हसेल म्हणून. बाई तोंडावर हात धरून बसल्या होत्या.

कहर झाला तो भांड्याकुंड्यांच्या गल्लीत. इवाओसानना एक सुरी आवडली आणि त्यांनी चिठ्ठीवरची किंमत मुकाट्यानं मोजून दिली! दुकानदारसुद्धा नोटा हातात घेऊन थांबला. समोर ओसाकाची बाई उभी असताना हे व्हावं, त्याला पटेना. बाईंनी रुमाल चावला. उन्हानं डोकं गरगरत होतं, आनंदही होत होता आणि जीवही टांगणीला लागला होता, सगळं एकदम.

"चिझुकोसान, तुम्हाला बरं नाही का?"

"छे, छे. मजेत आहे."

"माझं काही चुकलं?"

"नाही हो."

इवाओसाननी घड्याळ पाहिलं. पावणेपाच झाले होते. बाईंनी ते हेरलं. कंटाळला हा माणूस, गप्प बाईलासुद्धा कंटाळला!

एका मोठ्या दुकानापाशी इवाओसान थबकले. "जरा आत येता? आठवण म्हणून काहीतरी घ्यावं म्हणतो."

आठवण म्हणून! म्हणजे निरोपाचंच की. बाई सरकत्या जिन्यावरून मुकाट वर गेल्या. वर गालिचे, मंद दिवे, हातमोजे घातलेला विक्रेता, आणि काचेखाली अंगठ्या. इवाओसाननी एक साधी, बारीक अंगठी उचलून उजेडात धरली. "सोनं चांगलं आहे," ते म्हणाले. विक्रेत्यानं अदबीनं किंमत सांगितली, "चौसष्ट हजार येन." इवाओसाननी खिशात हात घातला.

आणि बांध फुटला.

"किती? चौसष्ट? अहो, गव्हाच्या काडीएवढी तर आहे ती! मी तीस वर्षं दुकान चालवतेय, मला नका सांगू. बोला, शेवटचं काय घ्याल? नाही कमी होत? मग वर काहीतरी टाका. डबी नको, डबी तर देताच! ती कानातली द्या ना, कोपऱ्यात धूळ खात पडलीयत!"

सगळा मजला वळून बघायला लागला. अशा दुकानात भाव करत नाहीत, हे बाईंनाही ठाऊक होतं. विक्रेत्याचा हातमोजा तसाच हवेत राहिला. बाईंचे कान तापले. संपलं सगळं, एवढंच त्यांना वाटलं. इवाओसानांकडे बघायचा त्यांना धीर होईना.

शेजारून चमत्कारिक आवाज आला. इवाओसान हसत होते. काचेला धरून, टोपी वाकडी झाली तरी हसत होते.

"आलात एकदाच्या!" ते म्हणाले. "दिवसभर कुठं होतात? मला वाटलं, माझं येणंच तुम्हाला नको झालंय. आज विचारूच नये, असं ठरवत होतो मी."

मग त्यांनी टोपी नीट केली, एक खोल श्वास घेतला आणि अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं विक्रेत्याला विचारलं, "आणि जोडी घेतली तर किती कमी कराल?"

"जोडी? बाईंच्या दोन्ही हातांत?"

"एक यांच्या," इवाओसाननी आपला हात काचेवर ठेवला, "आणि एक या हातात. यांना चालत असेल तर."

चिझुकोबाईंचे डोळे घळाघळा वाहायला लागले. बाईंनी नाक ओढलं, कोपर काचेवर टेकलं आणि विक्रेत्याला म्हणाल्या, "ऐकलंत ना? आता आम्ही दोघं एका घरची माणसं आहोत. जा, मोठ्या साहेबांना बोलवा."