येड कानातला फाया

अप्पा भेटले की राम राम नंतर. आधी कानातला अत्तराच्या फायासारखा कापूस काढून तुमच्या नाकाशी धरत. "सांगा बरं, लाल का पांढरा?"

कोहिनूर गावाजवळच्या माळावर जागीरदाराची गवती चहाचं तेल काढायची भट्टी होती. ती अप्पांच्या हातात. लाल दांड्याचा आणि पांढऱ्या दांड्याचा, असे दोन तुकडे त्यांनी शेजारी शेजारी लावले होते. गवत सारख्या वजनाचं घ्यायचं, तेल वेगवेगळं काढायचं. डाव्या कानात लालचा फाया, उजव्यात पांढऱ्याचा. सकाळी कुठला वास टिकला ते पाहायचं.

पांढरा भरभरून वाढे. अप्पा म्हणत, "वाढंना का! तेल स्पिरिटात टाक, ताकावानी गढूळ. लाल बघ, कसं नितळ!"

जागीरदार पुढे एकच जात ठेवणार होता. अप्पांचा सगळा जीव लालमध्ये.

मी चौथीतून शाळा सोडलेला, साताऱ्याकडून इतक्या लांब आलेला. अक्षर बरं म्हणून बाटल्यांना चिठ्ठ्या लावायचं काम अप्पांनीच मिळवून दिलं. ते जाईल या धास्तीने मी कुणाला काही दोनदा विचारत नसे.

निवडीसाठी नमुने हैदराबादच्या अत्तरवाल्याकडे जायचे, त्याच दिवशी अप्पा तापाने फणफणले. तापात त्यांच्या तोंडी घरची कानडी येई. म्हणाले, "येड बाटली लाल. ध्येनात ठेव."

मला वाटलं, मलाच येडं म्हणाले. फळीवर दोन बाटल्या. चांगलं ते उजवीकडे ठेवतात, असं समजून मी उजवीवर 'लाल' लिहिलं.

अत्तरवाल्याचा निरोप आला : 'लाल' गढूळ. जागीरदाराने लालचा तुकडा मुळासकट खणून टाकला.

अप्पा उठले, उरलेल्या बाटल्या हुंगल्या, माझ्याकडे पाहिलं. मी रडत सगळं सांगितलं. ते चक्क हसले. "आरं, येड म्हंजी डावं, आमच्या कानडीत. तुला येडं कामून म्हणीन मी?"

जागीरदारापुढे मात्र म्हणाले, "सरकार, चिठ्ठ्या उलट्या झाल्या. चूक माझी हाय."

"बुड्ढे, नाक गई तेरी. घर जा."

मी तिथेच उभा होतो.

अप्पा संतपूरला आपल्या गावी गेले. वर्षाच्या आत ते वारल्याचा निरोप आला. मी पोचलो तेव्हा, त्यांच्याकडच्या रीतीप्रमाणे, त्यांना भिंतीशी बसवलेलं होतं. कपाळावर विभूती. नाकात कापूस. कान मोकळे.

लालची तळाशी उरलेली बाटली मी बरोबर नेली होती. फाया भिजवला. समोर बसलेल्या माणसाचा डावा कान आपल्या उजव्या हाताला येतो. दोनदा पाहिलं. त्यांच्या बायकोलाही विचारलं, "अक्का, येड हाच ना?"

"व्हय," त्या म्हणाल्या.